कमानीवर बहिणाबाई, वर्गात कोण? लोकशिक्षण, परंपरागत ज्ञान आणि आपली विद्यापीठे

झाडीकर (धागाकर्ता)

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या कमानींवरची नावे एकदा सलग वाचून पाहावीत. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अमरावतीचे विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते, जे दिवसा खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून प्रश्न विचारीत. नागपूरच्या विद्यापीठावर तुकडोजी महाराजांचे नाव आहे, ज्यांनी खंजिरीच्या तालावर ग्रामसफाई आणि शेतीचे विषय खेड्यापाड्यांत पोहोचवले. या तिघांपैकी कोणी आज त्याच विद्यापीठात साहाय्यक प्राध्यापकपदासाठी अर्ज केला असता, तर तो पहिल्या छाननीतच बाद झाला असता. नेट-सेटपर्यंत गोष्ट गेलीच नसती.

मी पूर्व विदर्भातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. माझे बहुतेक विद्यार्थी धान पिकवणाऱ्या घरांतले आहेत. दुसऱ्या वर्षाला त्यांना वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने जाड कागदावर टाचून आणावे लागतात आणि प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी चिकटवावी लागते. तिच्यावर कुळ, शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, ठिकाण, दिनांक, संकलक आणि शेवटी ‘निश्चिती’ असे रकाने असतात. निश्चिती म्हणजे ही वनस्पती तीच आहे असे जबाबदारीने सांगणाऱ्याचे नाव. तिथे अर्थातच माझी सही असते.

काही वर्षांपूर्वी एका मुलाने कुड्याची फांदी आणली. फुले नव्हती, दोन कोवळ्या शेंगा होत्या. मी पाने पाहून पांढरा कुडा सांगून मोकळा झालो. मुलगा थोडा घुटमळला आणि म्हणाला, “सर, आजी काळा कुडा म्हणते.” त्याने तिथेच आजीला फोन लावला. आजीने विचारले, शेंगांची टोके जुळलेली आहेत की सुटी? टोके जुळलेली होती. मग तिने साल चावून बघायला सांगितले, कारण पांढऱ्या कुड्याची साल जिभेवर कडूजहर लागते आणि काळ्याची तशी लागत नाही. साल कडू नव्हती. कडू इंद्रजव आणि गोड इंद्रजव असा भेद आपल्याकडचे वैद्य करतात, तो याच दोन झाडांच्या बियांचा आहे. मी चुकलो होतो आणि आजी बरोबर होती. चिठ्ठी नव्याने लिहिली, शास्त्रीय नाव बदलले आणि ‘निश्चिती’समोर पुन्हा माझीच सही झाली. तो नमुना आजही आमच्या कपाटात तसाच आहे.

लोकशिक्षण आणि परंपरागत ज्ञान यांमुळे विद्यापीठे बदलू शकतील का, या प्रश्नाकडे मी त्या चिठ्ठीमधून पाहतो. विद्यापीठाला लोकांकडचे ज्ञान घेण्यात अडचण कधीच नव्हती, ते आपण सतत घेतच असतो. अडचण आहे ती निश्चितीच्या रकान्यात दुसऱ्याचे नाव लिहिण्याची.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातले आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे तिसरीपर्यंत शिकलेले दलित अल्पभूधारक शेतकरी होते. १९८३ साली त्यांना आपल्या बांधीत ‘पटेल-३’ या धानामध्ये तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर छटेच्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत बारीक दाण्याचे वाण स्थिर केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. दादाजींच्या सांगण्याप्रमाणे १९९४ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या (पीकेव्ही) सिंदेवाहीच्या केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले, आणि १९९८ साली ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण त्या विद्यापीठाच्या नावाने प्रसारित झाले. विद्यापीठाचे म्हणणे असे होते की शुद्धीकरण आणि सुधारणा त्यांनी केली. दादाजींना पुढे पुरस्कार मिळाले, नावही झाले, पण २०१८ साली ते गेले तोपर्यंत त्यांची गणना ‘नवसंशोधक शेतकरी’ अशीच होत राहिली. पैदासकार, म्हणजे नवे वाण घडवणारा, हा शब्द त्यांच्यासाठी क्वचितच वापरला गेला.

जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात महसूल रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, ही तक्रार आहे. गावच्या शाळेत शेती आणि आरोग्य यांची मूलतत्त्वे शिकवावीत आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, अशी मागणीही त्यात आहे. म्हणजे ज्ञान कोणाकडे जाते याइतकाच ज्ञान कोणाकडून येते हा प्रश्न फुल्यांना महत्त्वाचा वाटत होता. पहिल्या अर्ध्या भागावर आपण गेली दीडशे वर्षे बरे-वाईट काम केले. दुसरा अर्धा भाग तसाच राहिला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यार्थ्यांनी एकूण श्रेयांकांपैकी (क्रेडिट) किमान पाच टक्के श्रेयांक भारतीय ज्ञान परंपरेच्या अभ्यासक्रमांतून घ्यावेत अशी अपेक्षा आहे. तत्त्वतः मला हे मान्य आहे. प्रत्यक्षात मात्र माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक अभ्यासपत्रिका संस्कृत ग्रंथांच्या यादीपाशी थांबतात. काळा कुडा ओळखणारी आजी या परंपरेत धरली जाते का, हे कोणीच सांगत नाही.

सभासदांची मते वाचायला आवडतील, विशेषतः विरोधी.

शंकेखोर

धागा चांगला आहे आणि विरोधी मत मागितलेच आहे, म्हणून लिहितो.

आजी एकदा बरोबर निघाली यावरून तिची ज्ञानपद्धती बरोबर ठरत नाही. कोकणात विंचू उतरवणारे मांत्रिक पिढ्यानुपिढ्या होते आणि तेही परंपरागत ज्ञानच होते. विंचूदंशाने होणारे मृत्यू कमी झाले ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या बिछान्याशी बसून नोंदी केल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून जगापुढे तपासणीसाठी ठेवले म्हणून. मंत्राला कधी कोणी तपासणीसाठी ठेवले नव्हते.

शिवाय ज्या फुल्यांचा आपण दाखला देता, त्यांचे लोकशिक्षण परंपरेची भलामण करणारे नव्हते. ते परंपरेची झाडाझडती घेणारे होते. सत्यशोधकी जलशांनी गावोगाव जाऊन भटजी आणि सावकार यांची बिंगे फोडली. लोकशिक्षण आणि परंपरागत ज्ञान ही दोन टोके एकाच दावणीला बांधताना आपण कोणते बैल जुंपतो आहोत, ते पाहिले पाहिजे.

तलावकाठची

शंकेखोर यांचा मुद्दा रास्त आहे, पण तपासणी नेहमी एकाच दिशेने का व्हावी हे मला समजत नाही.

भंडारा आणि गोंदिया भागातले माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेले, तलाव सर्वांना ऐकून माहीत असतील. कोहळी समाजाने ते बांधले आणि ढिवर समाजाने त्यांत मासे धरले. मालगुजारी गेल्यानंतर ते सरकारकडे आले आणि तेव्हापासून त्यांच्याकडे प्रामुख्याने पाणी साठवण्याची भांडी म्हणून पाहिले गेले. गाळ काढा, पाळ उंच करा, सांडवा दुरुस्त करा, एवढ्यावर दुरुस्तीचा हिशेब संपत असे. मासे का कमी झाले या प्रश्नावर उत्तर ठरलेले होते, ते म्हणजे बाहेरचे बीज आणून सोडा.

ढिवर कुटुंबांतल्या जुन्या माणसांचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या मते तलाव म्हणजे त्यातले गवत आणि पाणवनस्पती. उथळ काठावर काय उगवते, कमरेइतक्या पाण्यात काय, कोणता मासा कुठे अंडी घालतो आणि कोणता पक्षी कोणत्या वनस्पतीवर बसतो, याची त्यांच्याकडे जागांसकट मांडणी होती. त्यांच्या सहकारी संस्थांनी आणि त्यांच्याबरोबर अभ्यास करणाऱ्या कार्यकर्त्यांनी काही तलावांतली बेशरम हे तण उपटून काढले, गाळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यानंतर स्थानिक मासे परतले. यात स्त्रिया पुढे होत्या. ही तपासणीच होती. प्रयोगही होता आणि त्याचा निष्कर्षही दर हंगामात जाळ्यात मोजला जात होता. फक्त तो कोणाच्या प्रबंधात नव्हता.

स्थापत्य आणि मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या किती विभागांमध्ये या माणसांना शिकवायला बोलावले जाते? पाहुणे म्हणून बोलावून शाल-श्रीफळ देण्याबद्दल मी विचारत नाही.

निवृत्त भातवाला

दादाजींचा विषय निघाला आहे म्हणून, आयुष्यभर भाताच्या पैदाशीत काढलेला माणूस या नात्याने चार गोष्टी नोंदवतो. त्या प्रकरणाशी माझा थेट संबंध कधी आला नाही.

भात हे मुख्यतः स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारे, पीक आहे. त्यामुळे शेतात वेगळी दिसलेली एक लोंबी निवडून, तिचे दाणे वेगळे पेरून, पुढची काही वर्षे भेसळ काढीत गेल्यास शुद्ध वंश मिळतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत याला शुद्ध वंश निवड म्हणतात, आणि दादाजींनी जे केले ते तंतोतंत हेच होते. रानडुकरांपासून ते मूठभर रोप वाचवायचे, शेजारच्या बांधीतले धान मिसळू द्यायचे नाही, शिजवून चव पाहायची आणि तरीही उरलेल्या शेतावर घर चालवायचे, ही संशोधन केंद्राच्या कुंपणात बसून करायची गोष्ट नाही.

पण विद्यापीठाचे कामही शून्य नसते. अनेक ठिकाणी चाचण्या घेणे, रोगांना किती बळी पडते ते पाहणे, पैदासकार बियाण्याची साखळी उभी करणे, यात वर्षे जातात. कोणतेही वाण यातून गेल्याशिवाय लाखो शेतकऱ्यांच्या हाती द्यावे असे मी म्हणणार नाही.

चूक आहे ती कागदात. आम्ही वाणाचा प्रस्ताव करताना वंशावळीच्या रकान्यात मूळ वाणाचे नाव लिहीत असू. माणसाचे नाव लिहायला तिथे जागाच नसे, आणि खरे सांगायचे तर ती असावी असे आम्हाला कधी सुचलेही नाही. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यामुळे शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येऊ लागली, हा मोठा बदल आहे. मात्र तो कायद्याने घडवला. आमच्या शिक्षणाने तो घडवला असता तर मला जास्त समाधान वाटले असते.

झाडीकर सर, तुमच्या त्या चिठ्ठीची गोष्ट वाचून दोन दिवस झोप नीट लागली नाही, एवढेच लिहितो.

कमचीवाला

मी बुरूड समाजातला आहे आणि सध्या पदव्युत्तर शिक्षण घेतो. इथले सर्व प्रतिसाद आदराने वाचले, पण एक अस्वस्थता मांडल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या वडिलांना बांबूवर नुसती टिचकी मारून त्याचे वय कळते. कोवळा बांबू चिरला तर त्याच्या कामट्या वाळून आकसतात आणि टोपलीची वीण सैल पडते, म्हणून ते तीन पावसाळे पाहिलेलाच बांबू घेतात. हे मला लहानपणीच शिकवले गेले. शाळेतून आल्यावर कामट्या तासताना बोटांत घुसलेली कुसळे आई सुईने काढायची. माझ्या हातांवर त्याच्या खुणा आहेत. ज्या दिवशी मी विज्ञान शाखेत प्रवेश घेतला त्या दिवशी वडील म्हणाले होते, “आता कोयत्याला हात लावू नको.”

आता विद्यापीठ म्हणते आहे की कोयता हेच ज्ञान आहे, त्यावर कार्यशाळा घेऊ. कार्यशाळेत शहरातल्या मुली-मुलांनी एक टोपली विणली, छायाचित्रे काढली आणि प्रमाणपत्र घेतले. माझ्या वडिलांना त्या दिवसाचे मानधन मिळाले, ते नाकारण्यासारखे नव्हते. पण मला ज्या गोष्टीतून सुटायला पदवी लागली, ती गोष्ट शिकण्यासाठी दुसऱ्याला श्रेयांक मिळतात, यात काहीतरी उलटे आहे. परंपरागत ज्ञान हा शब्द ऐकला की मला आधी परंपरागत धंदा हा शब्द ऐकू येतो, आणि त्याच्या पाठोपाठ जात.

तुम्ही जर असे म्हणत असाल की माझ्या वडिलांना बांबू तंत्रज्ञानाच्या विभागात प्राध्यापकाचा दर्जा आणि वेतन मिळावे आणि मला त्याच वेळी भौतिकशास्त्र शिकण्याची पूर्ण मोकळीक असावी, तर मी तुमच्याबरोबर आहे. यातला पहिला भाग गाळून नुसता गौरव होणार असेल, तर नको.

शंकेखोर

कमचीवाला यांनी माझ्यापेक्षा नेमके लिहिले. माझा आक्षेप मी त्यांच्या आक्षेपात विलीन करतो.

झाडीकर

कमचीवाला, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. त्याला उत्तर देण्याची घाई करीत नाही. मी स्वतः असे कार्यक्रम घेतले आहेत आणि समोर बसलेल्या कारागिराच्या मुलाला तिथे काय वाटत असेल, हे त्या वेळी माझ्या मनात आले नव्हते.

दर्जा आणि वेतनाच्या मुद्द्यावर एक माहिती. २०२२ साली अनुदान आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद आणली, ज्यात औपचारिक पदवीची अट नाही. पंधरा वर्षांच्या अनुभवाची अपेक्षा आहे. सूचनांमध्ये उद्योग आणि व्यवस्थापन यांच्याबरोबर जलसंधारण, सेंद्रिय शेती, पंचायत राज अशा क्षेत्रांचाही उल्लेख आहे. म्हणजे कागदावर दार किलकिले आहे. पण त्या दारातून आत कोण येईल असे विचारले तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे निवृत्त उच्चपदस्थ अधिकारीच येतात, कारण अनुभव हा वरच्या पदावरचा असावा अशी अपेक्षा त्याच सूचनांमध्ये आहे. टोपली विणणाऱ्याचे वरचे पद कोणते?

शंकेखोर, तपासणीबद्दल. तुमचे विंचवाचे उदाहरण मला पूर्ण मान्य आहे. त्याच्या शेजारी गडचिरोलीचे एक उदाहरण ठेवतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांचा न्यूमोनिया गावातच ओळखता यावा म्हणून दायांना शिकवायचे ठरवले. निकष सोपा होता, मिनिटाला श्वास किती. अडचण अशी की अनेक दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. सर्वसाधारण विद्यापीठीय उत्तर असे असते की आधी मोजायला शिकवा किंवा मोजता येणारी बाई नेमा. त्यांनी मोजण्याचे साधनच बदलले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी घेतले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. विज्ञान तेच राहिले, निकषही तोच राहिला, पण साधन दाईच्या हाताला बेतलेले झाले.

याच संस्थेने पुढे नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग केला. त्यात पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्या स्त्रियांनी काम केले आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आज देशभर आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन नवजात बाळे तपासतात, त्यामागे हे काम आहे. यात मंत्राला स्थान नव्हते आणि दाईला होते. लोकशिक्षण म्हणतो ते मला इथे दिसते.

मांडवीकाठ

मी मूळचा पणजीचा असून पोर्तुगीज भाषांतराच्या कामानिमित्त ब्राझीलमधल्या विद्यापीठांशी संबंध येतो, म्हणून तिथली एक घडामोड सांगतो.

ब्राझीलिया विद्यापीठात २०१० पासून ‘एन्कोन्त्रु जी साबेरिस’, म्हणजे ज्ञानांची भेट, या नावाचा अभ्यासक्रम चालतो. मूलनिवासी समाज, पळून गेलेल्या गुलामांच्या वंशजांच्या वस्त्या आणि लोककलांच्या परंपरा यांतले जाणकार तिथे नियमित श्रेयांकांचा विषय शिकवतात. त्यांना ‘मेस्त्रि’ म्हणजे गुरू असे संबोधले जाते, आणि विद्यापीठाचा प्राध्यापक सोबत असतो तो सहकारी म्हणून. मानववंशशास्त्रज्ञ जुझे जॉर्जी जी कार्वाल्यु हे या कामाचे प्रमुख. मला महत्त्वाचे वाटते ते असे की त्या विद्यापीठात कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी राखीव जागांचा प्रस्ताव मांडणाऱ्यांतही हेच गृहस्थ होते. २००४ पासून त्या जागा भरू लागल्या. त्यांची मांडणी अशी की मुले आत आली, पण त्यांच्या घरचे ज्ञान बाहेरच राहिले, तर त्या मुलांनी आत येऊन फक्त आपल्या आजी-आजोबांना अडाणी म्हणायला शिकायचे एवढेच उरते.

आपल्याकडे राखीव जागांचे हे पहिले पाऊल त्यांच्यापेक्षा कितीतरी आधी पडले. कमचीवाला यांनीही या दोन्ही गोष्टी एकत्रच मागितल्या आहेत असे मला वाटते, मुलाची मोकळीक आणि वडिलांचा दर्जा. ब्राझीलमध्येही सगळे सुरळीत आहे असे समजू नये. शिक्षणतज्ज्ञ पाउलु फ्रेइरी यांनी १९६३ साली अंजिकुस या गावी सुमारे तीनशे मजुरांना चाळीस तासांत साक्षर करण्याचा प्रयोग केला, आणि पुढच्याच वर्षी लष्करी सत्ता आल्यावर त्यांना तुरुंग आणि मग देशाबाहेरची वाट पाहावी लागली. ज्यांना अक्षर आले त्यांना मतही मिळणार होते, हे सत्ताधाऱ्यांना नीट समजले होते.

ग्रामसभावाला

गडचिरोलीत धानोरा तालुक्यात काम करतो. लिहिण्याची सवय नाही, चुका सांभाळून घ्याव्यात.

मेंढा (लेखा) या गावाबद्दल सगळ्यांना २००९ साली मिळालेल्या सुमारे १८०० हेक्टर जंगलाच्या सामूहिक हक्कामुळे माहीत असते. २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला तेही वर्तमानपत्रांत आले. त्याच्या आधी कितीतरी वर्षे गावात अभ्यासगट चालत होता, त्याबद्दल कमी लिहिले जाते. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने, पण त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतला जातो. बाहेरचा जाणकार बोलावला तर तो माहिती देतो, निर्णय सांगत नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने ही पद्धत बसली. मधाचे पोळे जाळून मध काढणे थांबवून माश्या न मारता काढण्याची पद्धत अशाच अभ्यासातून आली.

विद्यापीठाची माणसे आमच्याकडे येतात. बहुतेकांचा अर्ज तयार असतो, प्रश्न तयार असतात आणि परतीची गाडी चार वाजता असते. ग्रामसभा सांगते की आधी बैठकीत विषय मांडा, मग ठरवू. त्यावर काही जण नाराज होऊन निघून जातात. जे थांबतात त्यांचे काम चांगले होते, असा आमचा अनुभव आहे.

दुसरे असे की गोंडी किंवा माडिया बोलणारा म्हातारा मराठीत सांगायला लागला की निम्मे राहून जाते. एका झाडाला पालवी फुटताना, फुलताना आणि वाळताना वेगवेगळे शब्द असतात. अर्जात रकाना एक, ‘स्थानिक नाव’.

निवृत्त भातवाला

ग्रामसभावाला, लिहिण्याची सवय नाही म्हणालात, पण शेवटचे वाक्य मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवले आहे.

झाडीकर सरांना एक व्यावहारिक प्रश्न. समजा निश्चितीचा अधिकार आपण वाटून घ्यायचे ठरवले. परीक्षेचे काय करणार? गुण कोण देणार?

झाडीकर

प्रयत्न केला होता. वनस्पती ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात वीसपैकी पाच गुण गावातल्या जाणकार व्यक्तीने द्यावेत, परीक्षा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेऐवजी गावाच्या जंगलात व्हावी आणि बहिःस्थ परीक्षक नेहमीप्रमाणे उरलेले गुण द्यायला हजर असावेत, असा प्रस्ताव मांडला. उत्तर आले की परीक्षकाकडे पदव्युत्तर पदवी आणि अध्यापनाचा अनुभव असणे नियमाने आवश्यक आहे. उत्तर देणारे गृहस्थ वाईट नव्हते. प्रस्ताव त्यांना आवडला होता, एवढेच नाही तर त्यांनी स्वतःच्या आईची एक गोष्टही सांगितली. नियम मात्र नियम होता.

मग आम्ही अनौपचारिक वाट काढली. जंगलफेरीच्या दिवशी आजी पुढे चालतात, मुलांना झाडे दाखवत नाहीत, विचारतात. चुकले की हसतात, आणि ते हसणे पाच गुणांपेक्षा जास्त लागते असे मुलेच सांगतात. फेरीचे मानधन बाहेरच्या व्याख्यात्याइतकेच दिले जाते. यासाठी लेखा विभागाशी एक अख्खे सत्र पत्रव्यवहार करावा लागला, कारण देयकाच्या नमुन्यात ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना कोरा ठेवता येत नव्हता. शेवटी तिथे ‘अनुभव, साठ वर्षे’ असे लिहिले आणि देयक मंजूर झाले.

कमचीवाला

हे आवडले. माझ्या वडिलांसाठी कोणता आकडा लिहिता येईल ते विचारतो.

तलावकाठची

एक राहिले. झाडीकर सर, तुमच्या कपाटातल्या त्या काळ्या कुड्याच्या नमुन्याचे पुढे काय केले? मूळ लेखात तो तसाच आहे असे लिहिले आहे.

झाडीकर

प्रश्न विचारलात ते बरे केले. हा धागा सुरू झाल्यावर मी त्या मुलामार्फत आजींना विचारले की निश्चितीच्या रकान्यात तुमचे नाव लिहू का. त्यांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की हे मला माझ्या सासूने दाखवले, तिला कोणी दाखवले ते मला माहीत नाही, आणि गावात हे ओळखणाऱ्या आणखी चारजणी आहेत. एकटीचे नाव लिहिले तर त्या मला काय म्हणतील? त्यांनी गावाचे नाव लिहायला सांगितले.

आता अडचण अशी आहे की गावाचे नाव ‘ठिकाण’ या रकान्यात आधीच आहे आणि निश्चितीसमोर तेच नाव पुन्हा आले तर पाहणाऱ्याला ती लिहिणाऱ्याची चूक वाटेल. तूर्त जुन्या चिठ्ठीखाली एक लहान चिठ्ठी जोडून तिच्यावर ‘निश्चिती : गावातील जाणकार स्त्रिया’ असे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. ग्रामसभावाला, तुमच्याकडच्या जैवविविधता नोंदवहीत अशी सामूहिक नोंद कोणत्या शब्दांत करतात, ते सांगितलेत तर शाईने लिहीन.

ग्रामसभावाला

बैठकीत विचारतो. पुढच्या आठवड्यात आहे.